४,२९,४९,६७,२९७ आणि तिचा अवयव ६४१

२ चा ३२वा घात काढून त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या येते. ही मूळ संख्या असावी, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नसावा, अशी सतराव्या शतकातील थोर फ्रेंच गणिती पिएर द फेर्मा यांची धारणा होती. २ च्या १, २, ४, ८ आणि १६ या घातांत प्रत्येकी १ मिळवल्यास अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात आणि त्या पाचही मूळ आहेत. घातांक असाच दुप्पट करत नेला तर पुढेही मूळ संख्याच येत राहतील, असे त्यांनी १६४० च्या सुमारास पत्रांतून कळवले होते. सिद्धता मात्र त्यांना साधली नव्हती.

गणिती ख्रिस्तियान गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये हा प्रश्न थोर स्विस गणिती लेओनहार्ड ऑयलर यांच्या कानावर घातला आणि १७३२ मध्ये ऑयलर यांनी उत्तर दिले: ही संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७.

सरळ भागाकार करत बसायचे तर ६५,५३६ पर्यंतच्या, म्हणजे या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या, ६,५४२ मूळ संख्या तपासण्याची पाळी येऊ शकते. पण या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, हे ऑयलर यांनी पुढे सिद्ध केले. मग १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१, एवढाच शोध उरतो! ६४ च्या जागी १२८ घेतले तरी हा नियम टिकतो, हे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७८ मध्ये दाखवले. त्यामुळे ६४१ च्या आधी एकट्या २५७ चीच तपासणी बाकी राहते.

६४१ ने भाग जातो हे पडताळायला तर मोठा भागाकारही लागत नाही, आणि मला या संख्येचे सर्वांत मोठे सौंदर्य इथेच दिसते. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. म्हणून ५ गुणिले २ चा ७वा घात या गुणाकाराला ६४१ ने भागल्यास बाकी उणे १ उरते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो) आणि त्याचा चौथा घात घेतल्यास अधिक १. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८वा घात. आता ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा आहे, त्यामुळे बाकीच्या हिशेबात ६२५ च्या जागी उणे १६ लिहिता येतात. १६ हा २ चा चौथा घात असल्याने २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १ ठरते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

याच मालिकेतील मूळ संख्यांचा भूमितीशी असलेला संबंध जर्मन गणिती गाउस यांनी उघड केला: केवळ पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम (सर्व बाजू आणि कोन समान असलेला) बहुभुज काढता येतो, हे त्यांनी १७९६ मध्ये सिद्ध केले. ६५,५३७ च्या पुढे मात्र या मालिकेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. २ च्या ३२व्या घातापासून २ घातांक २³² पर्यंतच्या सर्व पायऱ्यांवरील संख्या संयुक्त, म्हणजे मूळ नसलेल्या, असल्याचे सिद्ध झाले आहे. त्यानंतरची संख्या सुमारे २५८ कोटी अंकांची आहे आणि ती मूळ की संयुक्त, हा प्रश्न अद्याप खुला आहे.