आंबट वेगळं, तुरट वेगळं

वाइनला गुण द्यायच्या तक्त्यात आंबटपणाचा रकाना वेगळा असतो आणि टॅनिनचा, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याचा, वेगळा. तरी इंदूरच्या आमच्या मंडळींत दर बैठकीला कुणीतरी रिसलिंगचा घोट घेतं, तोंड वाकडं करतं आणि ‘टॅनिन फार आहे हो’ म्हणत दहापैकी पाच देऊन मोकळं होतं. अहो, रिसलिंग पांढरी वाइन. द्राक्षं दाबून रस सालींपासून लगेच वेगळा काढतात. टॅनिन असतं सालीत, बियांत, देठांत. ते या ग्लासात येणार कुठून?

यंदाच्या दोन बाटल्या चुलतभावानं न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागातून आणल्या होत्या. छोटीशी वायनरी, एक रिसलिंग, एक कॅबर्ने फ्राँ ही रेड वाइन. थंड प्रदेशातली वाइन म्हटली की हा घोटाळा हमखास होतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आंबटपणाबद्दल इंदूरकराला काय सांगायचं! गराडूवर (तळलेल्या कंदावर) लिंबू पिळून जिरावण मसाला भुरभुरणाऱ्याची जीभ तयारच असते. एवढंच लक्षात ठेवा की द्राक्षात मुख्यतः टार्टरिक आणि मॅलिक ही दोन आम्लं. पिकताना द्राक्ष मॅलिक आम्ल खर्च करतं. उन्हाळा कडक असेल तर भराभर, रात्री गार असतील तर हळूहळू. फिंगर लेक्समध्ये हंगाम छोटा आणि रात्री गार, त्यामुळे आम्ल शिल्लक राहतं. तिथलं सेनेका तळं सुमारे १८८ मीटर खोल आहे, ते सहसा गोठत नाही, आणि त्याच्या उबेवर काठच्या वेली हिवाळा काढतात. युरोपीय जातीची द्राक्षं तिथे तगणार नाहीत असंच पूर्वी धरून चालत. द्राक्षवेलींचे तज्ज्ञ कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी ती तगवून दाखवली आणि १९६२मध्ये स्वतःची वायनरी काढली.

आता खरा मुद्दा. तुरटपणा ही चव कमी, स्पर्श जास्त. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड आतून खरखरीत होतं. आम्ल नेमकं उलट करतं, लाळ सोडवतं. म्हणून घोट गिळल्यावर लगेच बोलू नका, थोडं थांबा. जिभेखाली आणि गालांच्या आत पाणी सुटलं तर तो आंबटपणा. वरचा ओठ हिरडीला चिकटला, जीभ टाळूवर अडखळायला लागली, तर टॅनिन. गिळायच्या आधी दोन्ही सारखीच बोचतात, आणि आमची मंडळी मत देतात ती त्याच घाईत.

घरी करून बघा. चहाची पत्ती दहा मिनिटं खळखळून उकळा, साखर-दूध काही घालू नका. शेजारी नुसत्या पाण्यात लिंबू पिळून ठेवा. दोन्ही आळीपाळीनं प्या, मध्ये साधं पाणी. मग त्या काळ्या चहात चमचाभर दूध घाला: खरखर बरीच ओसरते, कारण टॅनिनला धरायला दुधातलं प्रथिन मिळालं. रेड वाइनबरोबर चीज ठेवतात त्यामागे हेच आहे. शेवटी कोऱ्या चहात लिंबू पिळा. आता तो आधीपेक्षा जास्त तुरट लागेल, टॅनिन तेवढंच असूनही. घोटाळा होतो तो इथे. आंबटपणा तुरटपणाला धार लावतो, आणि थंड प्रदेशातल्या रेडमध्ये दोन्ही एकाच घोटात येतात.

आणखी एक खूण. आंबटपणा पहिल्या घोटाला सगळ्यात जास्त लागतो, मग जीभ सरावते. टॅनिन घोटागणिक साचत जातं. त्यामुळे आंबटपणाचा आकडा पहिल्या घोटाला लिहावा आणि टॅनिनचा तिसऱ्या-चौथ्याला. रेड आधी आणि रिसलिंग मागून ओतणाऱ्याला मी तर गुण द्यायलाच बसवणार नाही.

गुणांचं म्हणाल तर, रिसलिंगला आंबट आहे म्हणून गुण कापणं मला मान्य नाही. ती त्या हवेची देणगी आहे, फळाचा वास आणि चव तिला पेलत असली की झालं. कॅबर्ने फ्राँ मात्र हिरवट, कच्च्या बियांसारखी खरखरली तर खुशाल कापा. तिथे द्राक्षं पिकायच्या आधी तोडली किंवा बियांतून फार काही उतरू दिलं. आम्ही प्यायलो त्या बाटलीत तसं नव्हतं. टॅनिन बारीक होतं, वास लाल ढोबळी मिरचीचा. मी साडेसात दिले. रिसलिंगला साडेआठ, आणि त्यावरून झालेल्या वादात मी हटलो नाही.

‘ड्राय’ म्हणजे गोड न लागणारी, एवढंच. आंबटही नाही, तुरटही नाही. रिसलिंगच्या काही बाटल्यांच्या मागे ड्राय ते गोड अशी पट्टी छापलेली असते, ती साखर आणि आम्लाच्या प्रमाणावर ठरते. म्हणजे थोडी साखर असूनही आम्ल भरपूर असेल तर खूण ड्रायकडेच. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, टार्टरिक आम्लाचं मीठ आहे ते. व्हिनेगरचा वास आला तर मात्र वाइन बिघडली.

तापमानाचं एक सांगतो. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला’ हे वाक्य मे महिन्यातल्या इंदूरसाठी कुणी लिहिलेलं नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ठेवून थंडगार ओतलीत तर टॅनिन उगाच कडक लागेल आणि दोष वायनरीला जाईल. बर्फ टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

सोबत रतलामी शेव हवीच असेल तर ती किंचित गोडसर रिसलिंगबरोबर घ्या. टॅनिनवाल्या रेडबरोबर लवंग-मिरचीची आग दुप्पट होते, मग आंबट काय नि तुरट काय, काहीच कळत नाही.