युफोनियम घेण्याआधी: त्या पितळी नळीचा पूर्वेतिहास

तुळशीच्या लग्नानंतर लागलेला हंगाम मे महिन्यात आटोपतो आणि वसईपासून रेवदंडा-मुरुडपर्यंतचे ब्रास बँड पावसाळ्यात वाद्यं उघडून बसतात. कुणाचा पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायची झडप, अडकलेला, कुणाच्या कर्ण्याला पोचा आलेला. नवं युफोनियम, म्हणजे खालच्या सप्तकातलं पितळी फुंकवाद्य, घ्यायचा विषय निघतो तो याच दिवसांत. नवं म्हणजे पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून आलेलं जुनंच. आमच्या बँडनेही काही वर्षांपूर्वी असं एक घेतलं. चांदीचा मुलामा, भरदार आवाज, किंमत आवाक्यातली. पहिल्याच हळदीला ते कीबोर्डशी जुळेना. वाजवणारा मुरलेला होता, त्याने ओठांच्या जोरावर सूर ओढून रात्र निभावून नेली. त्या वाद्यात काय बिघडलंय हे शोधताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो आहे.

पालखीपुढची तुतारी आठवा. नळी एकच, भोक नाही, कळ नाही. म्हणून ओठ कितीही आवळले तरी ठरावीक चार-सहा सूरच निघतात. युरोपातल्या खर्जाच्या फुंकवाद्यांपुढेही हीच अडचण होती. तिथे आधी सर्पंट आणि मग ऑफिक्लाइड अशी वाद्यं आली, त्यांच्या नळीला बासरीसारखी भोकं पाडलेली असत. खरा पालट झाला तो १८१८ मध्ये. श्टोल्त्सेल आणि ब्लूमेल या दोघांनी प्रशियात झडपेचं पेटंट घेतलं. झडप दाबली की हवा जादा नळीतून फिरते, वाद्य तेवढ्यापुरतं लांब होतं आणि सूर उतरतो. या झडपेच्या आधाराने वायमारच्या फर्डिनांड सोमरने १८४३ च्या सुमारास युफोनियम घडवलं, असं मानलं जातं. नाव ग्रीक शब्दावरून आलं, अर्थ ‘गोड आवाजाचं’.

त्याच दशकात पॅरिसमध्ये अडॉल्फ साक्सने सॅक्सहॉर्न या झडपांच्या पितळी वाद्यांचं अख्खं कुटुंब बाजारात आणलं. आज दुकानात बॅरिटोन आणि युफोनियम यांची जी गफलत होते तिचं मूळ या कुटुंबात आहे. दोघांचीही मूळ नळी साधारण नऊ फुटांची, दोघांचाही सूर बी फ्लॅट. बॅरिटोनची नळी मात्र अरुंद असते आणि बराच वेळ एकाच जाडीने जाते. युफोनियमची सुरुवातीपासून रुंदावत जाते, म्हणून त्याचा आवाज गोल आणि जाड. माऊथपीसचा दांडाही वेगवेगळ्या मापांचा असतो. आपला माऊथपीस खिशात घालूनच दुकानात जावं. तो डगमगला किंवा पुरता आत गेला नाही तर त्या वाद्याची परीक्षा नीट होतच नाही.

आपल्याकडे हे वाद्य पलटणीच्या बँडमधून आलं. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत, त्यामुळे तिथले वादक मुंबईपर्यंत बँडांमध्ये पोचले. पुढे मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्यं घडू लागली आणि गावोगावच्या बँडांना ती परवडू लागली. कोकणात आणखी दक्षिणेकडे खालूबाजा या लोकवाद्यमेळातली सनई आणि ढोल आपल्या जागी राहिले. आमच्या बाजूच्या आगरी-कोळी हळदीत आणि वसईच्या ख्रिस्ती लग्नांत ब्रास बँड असा रुजला की तो परका वाटतच नाही. आमच्याकडे ट्रम्पेट गाण्याची ओळ उचलतं आणि युफोनियम तीच ओळ खालच्या सप्तकात पुरुषी गळ्याने म्हणतं. म्हणून आम्हाला ते नुसतं साथीचं चालत नाही, गाणारं लागतं.

गाणारं हवं तर चौथ्या पिस्टनकडे बघावं. तीन पिस्टनांच्या वाद्यात पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की सूर चढा लागतो. कारण साधं आहे: एक पिस्टन दाबल्यावर वाद्य आधीच लांबलेलं असतं, त्या लांबीला तिसऱ्याची जादा नळी अपुरी पडते. चौथा पिस्टन एकट्याने ते काम जास्त नेमकं करतो, पण खर्जात तोही कमी पडतो. लंडनच्या बूझी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये यावर उपाय काढला. चौथ्यासोबत आणखी कुठलाही पिस्टन दाबला की हवा परत त्या पिस्टनातून, आणखी एका छोट्या नळीतून फिरते आणि उरलेली कसर भरून निघते. ही कॉम्पेन्सेटिंग रचना आजही महागड्या युफोनियममध्ये असते. पिस्टनांच्या मागच्या बाजूला जादा छोट्या नळ्या दिसतात, त्यावरून ती ओळखता येते. सगळी गाणी वरच्या सप्तकात वाजवणाऱ्या बँडने तिच्यावर पैसे घालू नयेत, असं माझं मत आहे.

आता आमच्या फसलेल्या खरेदीकडे येतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वाद्यवृंदांचा सूर (वाद्यं ज्याला जुळवतात तो ‘ए’) चढत चढत ४५२ हर्ट्झच्या घरात गेला होता. तिथल्या लष्करी बँडांनी तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस खाली आणला. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० ठरला. इंग्लंडचे ब्रास बँड मात्र १९६० च्या दशकापर्यंत चढ्या सुरालाच धरून होते. म्हणजे त्याआधीचं इंग्रजी युफोनियम आजच्या कीबोर्डपेक्षा जवळजवळ पाव स्वर चढं असू शकतं. आमचं तसंच निघालं. ते खाली आणायला मुख्य ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायला आत-बाहेर सरकवायची नळी) चारएक सेंटिमीटर बाहेर ओढावी लागते, आणि तेवढं करूनही प्रत्येक पिस्टनची नळी आखूडच राहते. कारागीर नळीत तुकडा घालून देतात, पण सगळे सूर एकसारखे बसतीलच असं नाही.

खाऱ्या हवेचा मुद्दा किनाऱ्यावर विसरून चालत नाही. पितळातलं जस्त झिजून गेलं की नळीवर गुलाबी-लालसर डाग उठतात, आणि तिथला पत्रा आतून पोकळ झालेला असतो. माऊथपीसजवळची पहिली नळी आधी तपासावी. मग पिस्टन न दाबता त्याची स्लाइड बाहेर ओढावी आणि नंतर पिस्टन दाबावा. ‘फट्’ असा आवाज आला तर झडप घट्ट आहे.

सूर तपासण्याआधी वाद्य दहा-पंधरा मिनिटं फुंकून गरम करावं, कारण गार वाद्य उतरतं. दुकानात एसी असतो आणि मांडवात मे महिना. तिथे वाद्य आणखी चढतं, गार रात्री उतरतं, कीबोर्ड आहे तिथेच राहतो. म्हणून ट्यूनिंग स्लाइड पूर्ण आत असताना सूर जुळला तर मी ते वाद्य आनंदाने परत ठेवतो. ती बोटभर बाहेर असताना जुळलं, तर दोन्ही बाजूंना जागा शिल्लक राहते.