दोन कड्यांमधली तार : मलबार रेडिओ केंद्राची पार्श्वभूमी

ठाण्यातील हौशी रेडिओचालकांमध्ये जुन्या प्रक्षेपण केंद्रांचा विषय निघाला, की जावा बेटावरील मलबार केंद्राचे नाव हटकून येते. हे मलबार मुंबईतील नव्हे, तर इंडोनेशियातील बांडुंग शहराच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागातील. कळवा आणि मुंब्रा यांच्यामधला पारसिक बोगदा सुमारे 1.3 किलोमीटर लांब आहे. मलबारची एरियल त्याच्या दीडपट, म्हणजे जवळजवळ 2 किलोमीटर लांबीची होती आणि ती पुंतांग डोंगराच्या दरीवर अधांतरी ताणलेली होती.

एवढा खटाटोप करण्यामागे राजकीय निकड होती. पहिल्या महायुद्धात समुद्राखालील तारायंत्राच्या केबल बहुतांशी ब्रिटिशांच्या ताब्यात असल्यामुळे तटस्थ नेदरलँड्सला आपल्याच वसाहतीशी, म्हणजे आजच्या इंडोनेशियाशी संपर्क ठेवणे अवघड झाले, आणि सुमारे 12,000 किलोमीटर अंतरावर थेट पोहोचणारी स्वतःची बिनतारी सोय हवी, हे डच सरकारला पटले. ही जबाबदारी अभियंता डी ग्रूट यांनी उचलली. त्या काळी लांब पल्ल्यासाठी कित्येक किलोमीटर तरंगलांबीच्या दीर्घलहरी वापरत आणि त्यांना तशीच अवाढव्य एरियल लागे. नेदरलँड्समधील कोटवाइक येथे त्यासाठी 200 मीटरहून उंच पोलादी मनोरे उभारावे लागले. डी ग्रूट यांनी मात्र मनोऱ्यांचे काम डोंगरांच्या कड्यांकडूनच करून घेतले. ही कल्पना मला आजही थक्क करते.

5 मे 1923 रोजी केंद्राचे उद्घाटन झाले. त्याचा पोल्सन पद्धतीचा आर्क प्रक्षेपक 2,400 किलोवॅटचा होता. चुंबकीय क्षेत्रात सतत पेटत ठेवलेल्या विजेच्या ज्योतीतून त्यात रेडिओलहरी निर्माण होत, आणि त्यामुळे उष्णता इतकी वाढे की यंत्रे थंड ठेवण्यासाठी इमारतीसमोर पाण्याचे तळे बांधावे लागले. प्रक्षेपकाच्या या प्रबळ लहरींच्या गोंगाटात क्षीण परदेशी संदेश ऐकू येणे शक्य नसल्याने संदेश ग्रहण करणारे केंद्र दूर रांचाएकेक येथे ठेवले होते. आपल्याकडेही 1927 मध्ये ब्रिटनशी बीम सेवा, म्हणजे लघुलहरींचा झोत एकाच दिशेने सोडणारी बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपण खडकीहून आणि ग्रहण दौंडला होत असे.

त्या बीम सेवेतच मलबारच्या पीछेहाटीचे कारणही दिसते. वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होणाऱ्या लघुलहरी फारच कमी शक्तीत आणि लहान एरियलवरून तेवढेच अंतर कापतात, हे सिद्ध होताच महाकाय आर्कची गरज उरली नाही. डी ग्रूट यांचे 1927 मध्येच निधन झाले. मलबारनेही लघुलहरी स्वीकारल्या आणि 1929 मध्ये जावा ते नेदरलँड्स रेडिओ-दूरध्वनी सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. म्हणून केंद्र केवळ दुसऱ्या महायुद्धामुळे संपले, असे म्हणणे मला अपुरे वाटते.

इमारती मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत उद्ध्वस्त झाल्या. आज तेथे जोती, पडक्या भिंती आणि ते तळे उरले आहे. भोवती तंबू ठोकणाऱ्या सहलींचा राबता असतो, आणि हृदयाच्या आकारामुळे तळ्याला 'प्रेमाचे तळे' म्हणतात. कोटवाइकचे मनोरे गेले, पण तेथील काँक्रीटची भव्य इमारत मात्र जतन झाली आहे.