प्रारण व स्नायूंचे पुनर्जनन

क्ष-किरण, गॅमा किरण यांसारख्या आयनीकारक प्रारणाचा ऐच्छिक स्नायूंच्या पेशींवर आणि इजा भरून काढण्याच्या त्यांच्या क्षमतेवर होणारा परिणाम. परिभाषेचा घोळ आधीच दूर केलेला बरा. सुश्रुतसंहितेत पेशी 500 आणि स्नायू 900 सांगितले आहेत. तेथील ‘पेशी’ म्हणजे बहुधा आजचा स्नायू आणि ‘स्नायू’ म्हणजे सांधे बांधणारे तंतुमय बंध. या नोंदीत दोन्ही शब्द आजच्या रूढ अर्थाने वापरले आहेत.

बेर्गोनिए व त्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी 1906 मध्ये मांडलेल्या नियमानुसार वेगाने विभागणाऱ्या, अपक्व पेशी प्रारणाला लवकर बळी पडतात. स्नायुतंतू पक्व, बहुकेंद्रकी आणि विभाजन थांबलेला असल्याने स्नायू हे प्रारणाला दाद न देणारे ऊतक मानले गेले. तंतूपुरते हे खरे आहे. मोठी मात्रा मिळालेला स्नायूही काही काळ नेहमीसारखा आकुंचन पावतो. उणीव दिसते ती इजा झाल्यावर.

तंतूचे पटल आणि त्याभोवतीचा आधारस्तर यांच्या फटीत उपग्रह पेशी, म्हणजे स्नायूची दुरुस्ती करणाऱ्या मूळ पेशी, असतात. बेडकाच्या स्नायूत अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 मध्ये त्यांचे वर्णन केले. त्याच वर्षी बर्नार्ड कॅट्झ यांनीही अशा पेशी नोंदवल्या होत्या. तरी नाव व पुनर्जननाशी संबंधाचा तर्क मॉरो यांचा असल्याने श्रेय त्यांच्याकडे जाते, आणि ते योग्यच आहे. एरवी या पेशी सुप्त असतात. सुप्तावस्थेत त्या डीएनएच्या दोन्ही धाग्यांतील तुटी बऱ्यापैकी सांधतात. पण तंतू फाटला की त्यांना जागे होऊन वारंवार विभागावे लागते आणि न सांधलेली तूट तेव्हा नडते. काही पेशी विभाजनाच्या प्रयत्नातच मरतात, काही एखाद-दुसऱ्या विभाजनानंतर थांबतात.

प्रयोगशाळेत उंदराच्या मागच्या पायाला एकाच वेळी सुमारे 18 ग्रे मात्रा देण्याचा प्रघात आहे (1 ग्रे म्हणजे 1 किलोग्रॅम ऊतकात शोषलेली 1 जूल ऊर्जा). एमडीएक्स या प्रायोगिक वाणाच्या उंदरात डिस्ट्रॉफिन हे तंतूला बळकटी देणारे प्रथिन नसते, तरी त्याचा स्नायू सतत नवा घडत राहतो. तरुणपणी पायाला अशी मात्रा दिली की तो मानवी दुशेन विकाराप्रमाणे (डिस्ट्रॉफिनच्या अभावाने होणारा आनुवंशिक स्नायुक्षय) झिजतो. मात्र सगळ्याच उपग्रह पेशी निकामी होत नाहीत. त्यानंतर नोटेक्सिन हे सर्पविष टोचले असता काही प्रमाणात नवे तंतू उगवतात. यावरून प्रारणाला टिकून राहणारा एक छोटा गट असावा, असे मानतात.

स्नायू जाड होण्यासाठी या पेशी लागतातच का, हा वाद याच तंत्रातून उद्भवला. ताण वाढवूनही प्रारणित स्नायू जाड होत नाही, असे 1992 च्या प्रयोगात दिसले. याउलट 2011 मध्ये आनुवंशिक पद्धतीने उपग्रह पेशी काढून टाकलेल्या प्रौढ उंदरांत दोन आठवड्यांत स्नायू जाड झाले. पुढील निष्कर्ष एकमुखी नाहीत. तथापि प्रारण रक्तवाहिन्या व संयोजी ऊतक यांनाही इजा करते. त्यामुळे केवळ प्रारणाच्या प्रयोगांवरून काढलेला निष्कर्ष दुबळा ठरतो.

रुग्णाला डोके व मान यांच्या कर्करोगात साधारणतः 60 ते 70 ग्रे मात्रा सहा-सात आठवड्यांत, रोज सुमारे 2 ग्रे अशा हप्त्यांनी मिळते. तिची उंदराच्या एकाच वेळच्या मात्रेशी सरळ तुलना होत नाही. येथे परिणाम महिन्यांनी वा वर्षांनी उमटतो. टीजीएफ-बीटा या संकेतक प्रथिनाच्या प्रभावाखाली तंतुमयता (व्रणासारखे कठीण संयोजी ऊतक साचणे) वाढते, चर्वणस्नायू आखडतात आणि तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात सुपारी-गुटख्यामुळे होणाऱ्या तंतुमयतेने अनेकांचे तोंड उपचारापूर्वीच आखडलेले असते; त्यामुळे दोष किती कशाचा हे ठरवणे अवघड जाते. हॉजकिन विकारासाठी (लसीका ग्रंथींचा कर्करोग) पूर्वी छाती-मानेला विस्तृत प्रारण दिलेल्या काही रुग्णांत मानेचे स्नायू झिजून डोके पुढे झुकते. जबड्याचा नियमित व्यायाम केला जातो. पेंटॉक्सिफायलीन हे रक्तप्रवाह सुधारणारे औषध व ई जीवनसत्त्व एकत्र देण्याचे परिणाम संमिश्र आहेत.

हृद्स्नायूत उपग्रह पेशी नसतात. तेथील इजा मुख्यतः रक्तवाहिन्या व तंतुमयता यांच्या मार्गाने होते.