अस्वलाने टाकलेला निम्मा मासा

कराडला आमच्या शेजारी राहणारे काका-काकू यंदा जुलैत मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले. मुलाने हौसेने त्यांना अलास्काची सहल घडवली. आधी जूनोहून बोटीने देवमासे दाखवले, मग पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातल्या ब्रूक्स धबधब्यावर अस्वलं. परत आल्यावर संध्याकाळी ओट्यावर बसून काकांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

धबधबा पुरुषभर उंचीचा. वरच्या काठावर एक तपकिरी अस्वल पाण्यात पाय रोवून उभं. उडी मारणारा सॅमन मासा त्याने तोंडातच झेलला आणि काठावर नेला. मग पंजाखाली दाबून दातांनी कातडी सोलली, डोकं फोडलं, पोटातली नारिंगी अंडी चाटून संपवली आणि उरलेला लालभडक मासा तसाच टाकून ते पुन्हा पाण्यात शिरलं.

“सर, ह्ये बघा की,” काका म्हणाले, “निम्मा मासा तसाच टाकला. ह्याला माजच म्हणायचा का न्हाई?”

काकूंनाही ती नासाडी बघवली नव्हती. मला मात्र त्या टाकलेल्या निम्म्या माशाबद्दलच बोलायचं होतं. शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण निसर्गातला इतका देखणा हिशेब मला क्वचितच सापडला आहे.

आधी माजाचं बघू. हे अस्वल हिवाळ्यात काही महिने गुहेत झोपून काढतं आणि त्या काळात काहीच खात नाही. वसंतात बाहेर येतं तेव्हा त्याचं एक तृतीयांशापर्यंत वजन उतरलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात त्याला चरबी साठवायची घाई असते, आणि माशाची चरबी जास्त असते ती कातडीत, मेंदूत आणि अंड्यांत. मासे मुबलक असताना कमी चरबीच्या मांसाने पोट भरणं त्याला परवडत नाही. मासे कमी झाले की तेच अस्वल अख्खा मासा खातं. शिवाय दांडग्या अस्वलांच्या भीतीने लहान अस्वलं आपला मासा उचलून झाडीत नेतात. असे हजारो अर्धे मासे जंगलात कुजत पडतात.

आता त्या माशात काय आहे ते बघा. पॅसिफिकमधला सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येऊन मरतो. त्याच्या वजनाचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग समुद्रात तयार झालेला असतो. म्हणजे नदी उलटी चढून आलेली ती खताची गोणीच म्हणायची. पण जंगलातल्या झाडाने शोषलेला नायट्रोजन समुद्रातला की मातीतला, हे ओळखायचं कसं?

नायट्रोजनचे दोन स्थिर समस्थानिक आहेत. दोन्हींत प्रोटॉन सातच. न्यूट्रॉन एकात सात, दुसऱ्यात आठ. पहिला हलका, नायट्रोजन-१४. दुसरा जड, नायट्रोजन-१५. हवेतल्या नायट्रोजनचे एक लाख अणू मोजले तर त्यांत साधारण ३६६ जड निघतात. रासायनिक क्रियांत दोघे जवळजवळ सारखेच वागतात, पण अगदी सारखे नाहीत. हलक्या अणूचा बंध किंचित सहज तुटतो. त्यामुळे प्राणी प्रथिनं पचवून नको असलेला नायट्रोजन अमोनिया किंवा युरियाच्या रूपात बाहेर टाकतो, तेव्हा हलके अणू थोडे जास्त निघून जातात आणि जड अणू अंगात थोडे जास्त उरतात. त्या प्राण्याला दुसऱ्याने खाल्लं की तेच पुन्हा घडतं. अन्नसाखळीच्या दर पायरीला जड अणूंचं प्रमाण दर हजारी सुमारे ३ने वाढतं. समुद्रात सूक्ष्म वनस्पती, त्या खाणारे बारीक जीव, त्यांना खाणारे जीव अशा पायऱ्या चढत सॅमन तयार होतो. हवेशी तुलना केली तर त्याचं प्रमाण दर हजारी ११ ते १३ने जास्त भरतं. म्हणजे त्याच एक लाख अणूंत ३६६ऐवजी साधारण ३७० जड. फरक चार अणूंचा! पण मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारं यंत्र, तो बिनचूक पकडतो. सॅमन न पोचणाऱ्या जंगलातल्या झाडांचा हा हवेशी तुलनेचा आकडा बहुधा शून्याच्या आसपास असतो. नदीकाठच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या पानांत तो वाढलेला दिसला, की समुद्राची खूण सापडली.

अलास्कातल्याच केनाई द्वीपकल्पातला असा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. नदीपासून ५०० मीटरपर्यंतच्या स्प्रूसमधला सुमारे १५ ते १८ टक्के नायट्रोजन सॅमनकडून आलेला निघाला, आणि त्यातला पाचांपैकी चार हिस्से अस्वलांनी पोचवलेला. त्यातही मोठा वाटा मूत्राचा.

यावरून ‘अस्वलंच जंगल लावतात’ असे संदेश मोबाइलवर फिरतात, ते मात्र मला पटत नाहीत. ओल्या मातीतले जिवाणूही हलका नायट्रोजन हवेत सोडून देतात, त्यामुळे सॅमन नसतानाही मातीतलं जड अणूंचं प्रमाण वाढू शकतं. म्हणून सॅमन पोचतो ती आणि पोचत नाही ती, अशा दोन्ही जागा शेजारी ठेवूनच हिशेब मांडावा लागतो.

काकूंना या अणूंपेक्षा देवमाशाची शेपटी सांगायची होती. जूनोजवळ दिसतात ते कुबड (हंपबॅक) देवमासे. हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात, उन्हाळा इथे खाण्यासाठी. बोटीने त्यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर दूर राहायचं असा नियम आहे. देवमासे खोल पाण्यात खातात आणि श्वासासाठी वर आल्यावर विष्ठा सोडतात, म्हणजे खालचं खत वर आणतात. शास्त्रज्ञ जो रोमन आणि जेम्स मॅकार्थी यांनी २०१० साली अटलांटिकमधल्या मेनच्या आखाताचा हिशेब मांडला. तिथले देवमासे आणि सील मिळून वर्षाला सुमारे २३,००० टन नायट्रोजन वरच्या पाण्यात आणतात. त्या आखाताला मिळणाऱ्या सगळ्या नद्या मिळूनही इतका आणत नाहीत.

जाता जाता काकूंनी लहानपणची आठवण काढली. गावात अस्वल नाचवणारा दरवेशी यायचा, आणि मूल दचकू नये म्हणून आईने अस्वलाचा केस ताइतात घालून त्यांच्या गळ्यात बांधला होता. तो केस म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. त्याने कुणाचं दचकणं थांबत नाही. पण दरवेशाच्या धंद्यासाठी पिल्लं आईपासून तोडली जायची, नाकाडात भोक पाडून दोरी ओवली जायची. कोयना-चांदोलीच्या रानात वारुळं उकरून वाळवी ओढून खाणारं आपलं अस्वल तेच. जांभळं-बोरं खाऊन रानभर बिया टाकत हिंडतं. त्याला रानातच बघावं.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सर, मग आमच्या उसात युरियाचा नायट्रोजन कुठला आन् शेणखताचा कुठला, ह्ये बी कळंल?”

बरंच कळतं. युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, म्हणून त्याचा आकडा शून्याजवळ असतो. शेणखताचा वर जातो, कारण गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो त्या अमोनियाच्या वासाबरोबर हलके अणूच जास्त उडून जातात.

“वरच्या पट्टीला दोन वर्षं नुसतं शेणखत हाय,” काका उठत म्हणाले. “खालच्या पट्टीला युरिया. दोन्हीकडची पानं काढून ठेवतो. कुठं तपासत्यात, ते तुम्ही बघा.”