गाडी बळकावण्याविरुद्ध सशस्त्र स्वसंरक्षण (कोकण)

वाहतुकीत थांबलेल्या गाडीच्या चालकाला धाक दाखवून किंवा मारहाण करून गाडी हिसकावण्याचा प्रयत्न झाला असता त्याने शस्त्रानिशी केलेला प्रतिकार. या विषयाची स्वतंत्र कायदेशीर मांडणी मुख्यतः अमेरिकेत झाली. तेथे १९९२ साली संघराज्याच्या कायद्याने वाहनाची सशस्त्र लूट हा वेगळा गुन्हा ठरवला आणि १९९७ मध्ये लुइझियाना राज्याने गाडीत बसलेल्या माणसाच्या प्राणघातक प्रतिकाराला खास संरक्षण दिले. भारतात असा निराळा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ खाली ही जबरी चोरी ठरते आणि लुटारू पाच किंवा अधिक असल्यास कलम ३१० खाली दरोडा. हमरस्त्यावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत केलेल्या जबरी चोरीस १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

कोकणात गाडी थांबण्याचे प्रसंग दोन तऱ्हेचे असतात. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ, कोलाड, इंदापूर, माणगाव या पट्ट्यात चाकरमान्यांच्या गाड्या तासन्‌तास एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. याउलट आंबा किंवा करूळसारख्या घाटात, रात्री वळणावर ट्रक आडवा झाला की मागची गाडी अंधारात एकटी पडते आणि मोबाइलला रेंज असेलच असे नाही. कायद्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कलम ३७ नुसार पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तर खाजगी संरक्षणाचा हक्क उरत नाही आणि असलेला हक्कही आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्यापर्यंत जात नाही.

हा हक्क एरवी पुष्कळ व्यापक आहे. मृत्यूची, जबर दुखापतीची किंवा अपहरणाची वाजवी धास्ती असल्यास कलम ३८ नुसार, आणि जबरी चोरी होत असल्यास कलम ४१ नुसार, हल्लेखोराचा मृत्यू घडवून आणण्यापर्यंत तो पोहोचतो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, संकटात सापडलेल्या माणसाने प्रतिकार तोलूनमापून करावा अशी अपेक्षा धरता येत नाही. तथापि जबरी चोरीविरुद्धचा हक्क मारहाण, अडवणूक किंवा त्यांची तात्काळ भीती असेतोवरच टिकतो. लुटारू गाडी घेऊन निघून गेल्यावर पाठीमागून झाडलेली गोळी त्यात सहसा बसत नाही. प्राणघातक हल्ल्यात निरपराधांना धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल, तर कलम ४४ तोही धोका पत्करू देते, पण कोंडीत शेजारच्या गाडीत मुले बसलेली असताना ‘शक्यच नव्हता’ हे दाखवणे फार कठीण. शिवाय स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. मात्र त्यासाठी संभाव्यता त्याच्या बाजूने झुकणे पुरेसे मानले जाते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात परवान्याची बंदूक म्हटली की ती बहुधा रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी घेतलेली असते. परवान्याचा उद्देश व क्षेत्र त्यावर नोंदलेले असल्याने ती गाडीत घालून मुंबईला नेणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली परवान्याच्या अटींचा भंग ठरू शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी दारू आणि छर्रे गजाने ठासून एकच बार काढणारी ती लांब नळीची बंदूक स्टिअरिंगमागून वळवताही येणार नाही. पिस्तुलाचा परवाना मिळवणे सोपे नाही आणि मिळाले तरी सीटबेल्ट लावलेल्या चालकाला ते काढायला जो वेळ लागतो, त्याहून कमी वेळात काचेशी उभा असलेला माणूस वार करू शकतो. म्हणून प्रशिक्षक शस्त्राआधी गाडीच्या जागेचा विचार करायला सांगतात: पुढच्या वाहनाची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर सोडून थांबावे, दारे आतून बंद ठेवावीत आणि वाट मिळताच गाडी काढावी. वाट नसेल आणि समोर शस्त्र असेल तर किल्ली देऊन उतरणे हाच बहुतेक वेळा कमी हानीचा मार्ग असतो. मागच्या आसनावर मूल असल्यास मात्र हा हिशेब पूर्ण बदलतो, कारण तेव्हा गाडीबरोबर अपहरणही होत असते.

गोळी झाडली गेल्यास ११२ या क्रमांकावर कळवणे आवश्यक असते. पोलीस शस्त्र तपासासाठी ताब्यात घेतात आणि परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे कोकणच्या ग्रामीण भागात बहुधा जिल्हादंडाधिकाऱ्याकडे असतो.