अंतर्गत समिती

कामाच्या ठिकाणी महिलेचा लैंगिक छळ झाल्याची तक्रार आली, तर तिची चौकशी करणारी समिती. भारतात दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे ती नेमणे मालकावर बंधनकारक आहे. कंत्राटी, रोजंदारी कामगार आणि प्रशिक्षणार्थीही या दहांत धरले जातात. शाखा वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती लागते. मुख्यालयातली एकच समिती दाखवून भागत नाही. अशा छळाविरुद्धच्या 2013 च्या अधिनियमात तिचे नाव 'अंतर्गत तक्रार समिती' होते, त्यातला 'तक्रार' हा शब्द 2016 मध्ये वगळला गेला. बोलण्यात मात्र अजून 'विशाखा समिती'च चालते, ती सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या 'विशाखा' निकालावरून.

अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतून आणि एक बाहेरचा, म्हणजे स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार. निम्म्या तरी महिला हव्यात. बाहेरचा सदस्य नावापुरता नेमणे ही नेहमीची चूक. वरिष्ठाविरुद्ध तक्रार असते तेव्हा आतल्या सदस्यांवर दबाव येतो, आणि ही तरतूद त्यासाठीच आहे.

तक्रार लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत करायची. उशिराचे कारण पटले तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. नियमाप्रमाणे सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. एक प्रत सात कामकाजाच्या दिवसांत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला जाते; उत्तराला त्याला दहा कामकाजाचे दिवस मिळतात. चौकशी 90 दिवसांत संपवायची, अहवाल पुढच्या दहा दिवसांत, आणि त्यावर मालकाने 60 दिवसांत कारवाई करायची. या कामकाजात दोन्ही बाजूंना वकील लावता येत नाही.

चौकशी चालू असताना महिलेने लेखी मागणी केल्यास समिती दोघांपैकी कोणाचीही बदली, महिलेला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, किंवा तिच्या कामाचा गोपनीय अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, अशी शिफारस करू शकते. सोय म्हणून बदली बहुधा तिचीच होते, हे समितीने ध्यानात ठेवावे. समझोता फक्त तिने मागितला तरच, आणि पैशांवर कधीच नाही.

प्रकरणे बरेचदा घटनेच्या सत्यासत्यतेवर नव्हे, कार्यपद्धतीवर अडतात: साक्षीच्या प्रती दिल्या नाहीत, उलटतपासणीला संधी नाकारली, सुनावण्या घाईने उरकल्या. गोव्यातील एका विद्यापीठीय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच घाईमुळे बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा करायला लावली. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीने सिद्ध व्हावा लागतो.

समितीच न नेमल्यास मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होतो. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्यायची. घरकामगार महिलांचीही तक्रार तिथेच घेतली जाते. फौजदारी गुन्हा नोंदवण्याचा मार्ग या सगळ्याखेरीज खुला राहतो, आणि महिलेला हवे असल्यास त्यासाठी मदत करणे हे मालकाचे कर्तव्य आहे.